कर्करोग नोंदणीत समान निकषांचे महत्त्व

चेन्नईत अड्यार येथील कर्करोग संस्थेत १९८१ पासून मद्रास महानगर ट्यूमर रजिस्ट्री कार्यरत आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात मुंबई व बंगळूरबरोबर ती आरंभापासून सहभागी आहे. तिचे कर्मचारी रुग्णालयांत आणि मृत्यू नोंदणी कार्यालयांत स्वतः जाऊन माहिती घेतात. एकच रुग्ण अनेक ठिकाणी आढळल्यास त्याची नोंद एकदाच होते.

रोगाचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतांकांनुसार होते. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने अंडाशयाच्या काही गाठी कर्करोगातून वगळल्या, तर रक्ताचे काही विकार त्यात समाविष्ट केले. असे बदल सर्व केंद्रांनी एकाच वेळी न स्वीकारल्यास शहराशहरांतील आकड्यांची तुलना फसवी ठरते आणि त्यावर आधारलेले उपचार सुविधांचे नियोजनही चुकते.