फीडरवरची गर्दी

अमेरिकेत आणि कॅनडात थंडी पडू लागली, की अनेक घरांच्या मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी फीडर टांगले जातात. फीडर म्हणजे दाणे भरलेली नळी किंवा वर छप्पर असलेला छोटा ट्रे. त्यात सूर्यफुलाच्या बिया असतात आणि कारळेही. आपण चटणी करतो तेच हे कारळे. भारतातून आणि इथिओपियातून ते तिकडच्या पाखरांसाठी जातात.

फीडरवर कोण येणार, हे दर हिवाळ्यात बदलते. पाइन सिस्किन हा त्यातला सर्वात बेभरवशाचा पाहुणा. चिमणीहून लहान, अंगावर तपकिरी रेघा, पंखात पिवळी छटा. एका वर्षी अंगण भरून जाते, पुढच्या वर्षी एकही दिसत नाही. स्प्रूससारख्या सूचीपर्णी झाडांच्या शंकूंमधल्या बिया हे त्याचे मुख्य अन्न. उत्तरेकडच्या जंगलात हे पीक बुडाले, की थवेच्या थवे दक्षिणेला उतरतात. २०२०मध्ये असेच झाले आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले. कोविडमुळे घरात अडकलेल्या माणसांना खिडकीतली ही जत्रा हवीच होती.

जेमतेम १५ ग्रॅमचा हा जीव थंडीच्या रात्रीची शिदोरी म्हणून गळ्यातल्या अन्नपिशवीत वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत बिया भरून ठेवू शकतो. त्यामुळे फीडर सापडला की तो तिथेच ठाण मांडतो. दाटीवाटीने, भांडत, तिथेच खात आणि तिथेच शिटत. साथीला आणखी काय हवे?

हिवाळा सरण्याआधीच कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन या राज्यांत आजारी आणि मेलेले सिस्किन सापडू लागले. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून पक्षी फीडरखाली बसून राहत. माणूस जवळ गेला तरी उडत नसत. पाखरू माणसाळले, असे पाहणाऱ्याला वाटावे. पण रानपाखरू हाती लागते ते बहुधा उडायची ताकद उरली नाही म्हणून. तपासणीत साल्मोनेला टायफीम्युरियम हा जीवाणू निघाला.

टायफॉइडचा जीवाणू याच कुळातला, पण तो माणसातच राहतो. टायफीम्युरियमला असा विधिनिषेध नाही. कोंबडी, गाय, रानपक्षी, मांजर, माणूस, त्याला सगळे चालते. विष्ठेतून फीडरवर, फीडरवरून हातावर आणि हातावरून तोंडात, असा त्याचा प्रवास. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १२ राज्यांत २९ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृत्यू कोणाचा झाला नाही. आकडा लहान वाटेल, पण जुलाब झालेल्या प्रत्येकाच्या शौचाची तपासणी कुठेच होत नाही, त्यामुळे खरे रुग्ण याहून जास्तच असतात.

ताप, पोटात कळ, जुलाब. बहुतेकांना आठवड्याभरात बरे वाटते आणि भरपूर पाणी, मीठ-साखरेचे पेय एवढ्यावर भागते. प्रतिजैविक दरवेळी लागत नाही. पाच वर्षांखालची मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात मात्र जंतू रक्तात उतरू शकतो. जुलाबात रक्त, तीन दिवसांनंतरही टिकणारा ताप, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय बस करावेत.

त्या हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्याने लोकांना फीडर काढून ठेवायला सांगितले. पक्षी उपाशी मरतील, ही भीती साहजिक होती. पण फीडर गेला की पाखरे पांगतात, रानातले दाणे शोधतात आणि विष्ठेशी संपर्क कमी होतो. पुन्हा टांगण्याआधी फीडर घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचा.

आपल्याकडे फीडर कमी, पण गॅलरीत पाण्याचे मातीचे भांडे आणि तांदळाची कणी बऱ्याच घरांत असते. ते भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, जेवणाच्या ताटांबरोबर घासले जाते, हे टाळायला हवे. बाहेरच्या नळावर, वेगळ्या घासणीने घासावे. पाणी रोज बदलावे. नंतर हात साबणाने धुवावेत. आणि हे काम चार वर्षांच्या नातवाला कौतुकाने देऊ नये.