लाळेच्या वाटेतला खडा

मूतखडा सर्वांना ठाऊक असतो; परंतु लाळेच्या नळीतही खडा होतो असे सांगितले, की पुष्कळांना नवल वाटते. याची खूण रोग्यालाच आधी कळते. जेवायला बसून चार घास घेतले, की जबड्याखाली एका बाजूला गाठ येते, ठणका लागतो, आणि तासा-दोन तासांत सारे ओसरते. जिभेवर चिंच ठेवली तरी तेच. दाढदुखीला किंवा गालगुंडाला अशी नेमकी जेवणाची वेळ नसते. रोगी मात्र ‘दाढ दुखते’ एवढेच सांगतो, आणि एखादी चांगली दाढ हकनाक उपटली जाते.

आंबट तोंडात पडताच ग्रंथी लाळ सोडते. पुढे वाट बंद असल्याने लाळ मागे तुंबते. सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीचे असतात. तिची लाळ दाट; नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब, आणि वाट चढाची. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ साली वर्णिलेली ती हीच नळी.

खडा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. म्हणून कोणी दूध सोडतात. ते व्यर्थ आहे. बहुतेक रोग्यांच्या रक्तातले कॅल्शियम ठीकच असते. पाणी कमी पिण्याने मात्र लाळ दाटते.

तपासताना डॉक्टर एका हाताचे बोट जिभेखाली व दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून नळी चाचपतात. क्ष-किरणांत या ग्रंथीतले बहुतेक खडे दिसतात. कानापुढच्या ग्रंथीतले पुष्कळदा निसटतात. तेथे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

लहान खडा भरपूर पाणी, शेक, हलके चोळणे व आंबट गोळी चघळणे एवढ्यानेही कधी निघून जातो. पू झाला असल्यास आधी प्रतिजैविके द्यावी लागतात. नळीच्या तोंडाशी अडकलेला खडा जागा बधिर करून, छेद देऊन काढतात. खोलवरच्या खड्यासाठी पूर्वी बहुधा सबंध ग्रंथीच काढीत. ओठाचा कोपरा हलविणारा मज्जातंतू तिच्या जवळूनच जातो. तो दुखावला तर हसताना ओठ वाकडा होतो. १९९० नंतर नळीत बारीक दुर्बीण घालून तारेच्या जाळीने खडा ओढून काढण्याची रीत आली. साधारण ४ मिलिमीटरपर्यंतचा खडा असा निघतो. मोठा असल्यास फोडावा लागतो किंवा जोडीला छेद द्यावा लागतो. ग्रंथी मात्र बहुधा वाचते.

गाठ जेवणाशी संबंध न ठेवता कायम राहिली, दुखत नसूनही वाढत गेली, तर खडाच असेल असे धरून बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावी.