फाशाचे दान आणि कौशल्याची निवड

सारीपाटावर फासा सर्वांना सारखाच असतो. फरक पडतो तो कोणती सोंगटी हलवायची या निर्णयाने. टेबलाभोवती बसून, कथा रचत खेळल्या जाणाऱ्या आधुनिक भूमिका-खेळांत मात्र एक महत्त्वाचा निर्णय पहिला फासा पडण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आपल्या पात्राला कोणती कौशल्ये द्यावीत आणि त्यांतील कोणत्या कौशल्यात त्याला विशेष निपुण करावे, हा तो निर्णय होय.

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो; इतर प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने त्यातून वाट काढतो. आरंभी त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. १९७५ च्या पुरवणीत चोराचा वर्ग आला आणि कुलूप उघडणे, चाहूल लागू न देता वावरणे अशा कामांना टक्केवारी मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर १८ कौशल्यांची यादीच आहे.

हिशेब सोपा आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या दानात पात्राच्या अंगभूत गुणाचा अंक मिळवायचा. कौशल्य शिकलेले असल्यास आणखी २ मिळतात. विशेष नैपुण्य असल्यास तीच भर दुप्पट होते. मध्यम अवघड कामास १५ ची बेरीज लागते. अंगभूत गुण ३ धरला, तर न शिकलेल्यास यशाची शक्यता ४५ टक्के, शिकलेल्यास ५५ आणि निपुणास ६५. आरंभी हे अंतर किरकोळ वाटते. परंतु सतराव्या पातळीवर मूळ भर ६ होते. गुण ५ आणि काम २० इतके अवघड धरले, तर हेच आकडे ३०, ६० आणि ९० होतात. आज केलेल्या निवडीचे मोल असे उशिरा कळते.

चोराच्या वर्गाला आरंभी दोनच विषयांत असे नैपुण्य मिळते; आणखी दोन सहाव्या पातळीवर. साहजिकच, ते कोठे गुंतवावे हा प्रश्न उभा राहतो. प्रथम सूत्रधाराला विचारावे, की कथा अरण्यातली आहे की बाजारपेठेतली. नौकेवरच्या कथेत घोड्याचे ज्ञान पडूनच राहणार. दुसरे, कामाचे स्वरूप पाहावे. कुलूप एकाने उघडले तरी सर्वांना वाट मिळते. पण दबक्या पावलांनी जाताना एकाचा आवाजही सर्वांना उघडे पाडू शकतो. पहिल्या प्रकारच्या कामाला एक तज्ज्ञ पुरतो, दुसऱ्याला सर्वांची थोडीथोडी तयारी लागते. तिसरे, पात्राचा पूर्वेतिहास. या आवृत्तीत व्यापारी संघातून आलेल्या पात्राला समोरच्याचा हेतू ओळखणे आणि मन वळवणे ही दोन कौशल्ये लाभतात. पेढीवर वाढलेल्या वाचकांना यात नवल वाटू नये.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि नवखे खेळाडू नेमकी तीच विसरतात. सोबत्यांनी काय निवडले आहे? दोघांनी बोलण्याचेच नैपुण्य घेतले, तर दरबारात एक जण बोलतो आणि दुसरा नुसता ऐकत बसतो. उलट, जखमीवर उपचार करणारा कोणीच नसतो. सर्वच विषयांना हात घालणाऱ्याचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होते. म्हणून जाणती मंडळी पात्रे एकत्र बसूनच घडवतात.

एकत्र धंदा करणाऱ्या घरातही खरेदी एकाकडे, उधारी-वसुली दुसऱ्याकडे आणि गल्ला तिसऱ्याकडे असतो. तिघेही गल्ल्यावर बसू लागले, की वितुष्टाला आरंभ होतो. आपण काय येऊ द्यायचे नाही हे समजून ठरवणे म्हणजे शेजारी बसलेल्यासाठी जागा राखणे होय. दान कसे पडेल हे कोणाच्याच हाती नसते. ही जागा राखणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.