सागराचे मीठ आणि ध्रुवप्रदेशातील बर्फ

एक साधा प्रयोग प्रथम करून पाहावा. काचेचा उंच पेला कोमट पाण्याने अर्धा भरावा, त्यात दोन चमचे मीठ विरघळवावे व थोडी शाई घालावी. मग चमच्याच्या पाठीवरून थंड गोडे पाणी अगदी सावकाश ओतावे. थंड पाणी जड असते, तेव्हा ते तळाशी जाईल असे आपणांस वाटते. परंतु तसे होत नाही. रंगीत कोमट पाणी खालीच राहते आणि थंड पाणी झाकणासारखे त्यावर पसरते. मिठामुळे आलेला जडपणा येथे उष्णतेवर मात करतो.

अंटार्क्टिका खंडाभोवतीच्या दक्षिण महासागराची रचना बरीचशी अशीच आहे. तेथे वरचा थर अतिशय थंड व कमी खारा असतो; काहीशे मीटर खाली त्याहून उबदार, पण अधिक खारे पाणी असते. हिमवृष्टी, वितळणारा बर्फ आणि हिमनग यांपासून वरच्या थरास गोडे पाणी मिळत राहते. हा हलका थर जोवर टिकून आहे, तोवर खालची उष्णता पृष्ठभागापर्यंत सहसा पोहोचत नाही.

आता वरच्या पाण्यातही तितकेच मीठ घालून तोच प्रयोग करावा. थंड पाणी लगेच खाली बुडते आणि शाईचा रंग सर्वत्र पसरतो. समुद्रात असे घडले, तर खालची उष्णता वर येऊन बर्फास तळाकडून वितळवू लागते. वेडेल समुद्रात १९७४ ते १९७६ या वर्षांच्या हिवाळ्यांत बर्फाच्या मध्यभागी सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरांचे मोकळे पाणी राहिले होते, त्याचे कारण हेच होय. २०१६ व २०१७ साली त्याच भागात लहान प्रमाणावर हा प्रकार पुन्हा दिसला.

सागरी बर्फाचा विस्तार कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने १९७८ च्या अखेरीपासून अखंड मोजला जात आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ दोन कोटी चौरस किलोमीटरांहून अधिक पसरला. हा उच्चांक होता. पुढे २०१६ पासून मात्र तो झपाट्याने घटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो अठरा लाख चौरस किलोमीटरांच्याही खाली गेला, आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यातील कमाल विस्तार सुमारे १ कोटी ७० लाखच भरला.

याच काळात पाण्याची लवणताही बदलली. समुद्राच्या पृष्ठभागातून निघणाऱ्या सूक्ष्म तरंगांवरून लवणता मोजणारा ‘स्मॉस’ हा युरोपीय उपग्रह २००९ साली सोडण्यात आला. त्याच्या नोंदींवर आधारलेले संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५० अंश दक्षिण अक्षांशापलीकडील पृष्ठजल त्यापूर्वी अनेक दशके कमी खारे होत चालले होते. २०१५ पासून ते अधिक खारे होऊ लागल्याचे त्यात दिसून आले. बर्फ वितळल्याने पाणी गोडे व्हावे, अशी अपेक्षा असताना आढळलेला हा बदल शास्त्रज्ञांस अनपेक्षित होता. बर्फ घटण्यास वारे आणि तापलेला सागर हेही कारणीभूत आहेत. परंतु खालची उष्णता वर येण्याची वाट लवणतेने मोकळी केली, असे या नोंदी सुचवितात.

या घडामोडींचे परिणाम दूरवर पोहोचतात. २०२२ साली बेलिंग्सहाउझन समुद्रातील बर्फ वेळेपूर्वीच फुटला. तेथील सम्राट पेंग्विनांच्या पाच वसाहतींपैकी चारांत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही, कारण पाण्यापासून रक्षण करणारी पिसे त्यांना अद्याप फुटलेली नव्हती. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवितो, तर काळसर पाणी तो शोषून अधिक तापते. शिवाय किनाऱ्यालगतच्या हिमस्तरांस लाटांपासून मिळणारा आडोसा सागरी बर्फ नाहीसा होताच जातो. हे हिमस्तर कोसळल्यास त्यांच्यामागचा भूमीवरील बर्फ वेगाने समुद्रात उतरतो व जगातील सर्व समुद्रांची पातळी वाढते. म्हणून भारतासारख्या दीर्घ किनारा असलेल्या देशासही दक्षिण महासागरातील मिठाचा हिशेब ठेवणे अगत्याचे आहे.