मांड्यांची आग मस्तकात!

मे महिन्यातला शुक्रवार, म्हणजे आमच्या ऑफिसात कॅज्युअल्सचा दिवस. बांद्र्याच्या हिल रोडवर भरपूर घासाघीस करून घेतलेला, गुडघ्यापर्यंतचा निळा कॉटन ड्रेस मी त्या दिवशी पहिल्यांदा घातला. आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या, आईच्या कपाळावरच्या आठीकडे दुर्लक्ष केलं आणि निघाले. कुर्ला स्टेशनपर्यंत सगळं झकास होतं. तिथे शेअर रिक्षाची मारुतीच्या शेपटासारखी रांग पाहिली आणि ठरवलं, आज बीकेसीपर्यंत चालतच जायचं!

दहाव्या मिनिटाला मांड्यांच्या आतल्या बाजूला चुरचुरायला लागलं. विसाव्या मिनिटाला मी बदकासारखी फेंगडी चालत होते. ऑफिसच्या वॉशरूममध्ये पाहिलं, तर दोन्ही मांड्यांवर तळहाताएवढे लालभडक पट्टे आणि एका ठिकाणी चक्क कातडी सोलवटलेली. टिश्यू पेपर लावून कसाबसा दिवस काढला.

‘‘काय गं, लंगडतेस का?’’ शेजारच्या डेस्कवरून प्रश्न आलाच.

‘‘सँडल चावतेय गं नवीन,’’ मी ठोकून दिलं.

कसं असतं ना, सँडल चावली तर चारचौघांत सांगता येतं. मांड्या घासल्या तर नाही. आणि ही न सांगण्याची सवयच मला पुढे भलतीच महागात पडली.

तो ‘जादूचा’ ट्यूब

संध्याकाळी केमिस्टकडे गेले. काउंटरवर गर्दी, त्यात सगळे पुरुष. ‘‘मांड्या घासल्यात, काय लावू?’’ हे काही तोंडातून फुटेना. ‘‘खाजेचं क्रीम द्या,’’ एवढंच पुटपुटले. त्याने काही न विचारता एक ट्यूब पुढे सरकवला. दोन दिवसांत लाली गायब! मग काय, ड्रेस घातला की रात्री ट्यूब, असं सुरू झालं. दीड महिन्याने जांघेत गोल, कडा उठलेले, भयंकर खाजणारे चट्टे आले. चक्क नायटा.

स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटा करून बारीक अक्षरं मला वाचायला लावली. एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि एक जबरदस्त स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज लगेच दबते, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. शिवाय जांघेतली त्वचा नाजूक, त्यामुळे तिथे ते जास्त शोषलं जातं. सतत लावलं तर त्वचा पातळ होते, कायमचे स्ट्रेच मार्क्सही येतात. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीम्सना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी मला मात्र तो ट्यूब बिनबोभाट मिळाला होता.

हा नायटाही आता पूर्वीचा साधासुधा राहिलेला नाही. अनेकदा नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक बुरशी आपल्याकडे पसरलीय. २०२० मध्ये तिचं बारसंही झालं, ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. नावातच आपला देश! माझे चट्टे जायला दोन महिने लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘नुसतं घासलंय म्हणून सांगितलं असतंस, तर पेट्रोलियम जेलीच्या एका डबीत भागलं असतं.’’

आजीचा काष्टा

मी मनाशी पक्कं धरून चालले होते, की हे आपल्या वजनामुळेच होतंय. डॉक्टरीणबाईंनी ते खोडून काढलं. चालताना मांड्या एकमेकींना लागणं हे हाडांच्या ठेवणीवर आणि चालीवरही असतं, सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. खरी गोम घामात आहे. ओली त्वचा मऊ पडते आणि कोरड्या त्वचेपेक्षा जास्त चिकटून घासते. घाम वाळला, की मागे राहतं मीठ, आणि ते चोळलं जातं बारीक रेतीसारखं. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घाम वाळतच नाही, म्हणून इथे दहा मिनिटंही पुरतात.

आजीला सांगितलं, तर ती खुदकन हसली. ‘‘आमच्या नऊवारीत हे नव्हतं हो! काष्टा मध्ये असायचा ना.’’ अगदी खरंय! काष्ट्यात दोन मांड्यांच्या मधून कापड जातं. सलवारीत प्रत्येक पायाला वेगळं कापड. पाचवारीखालच्या परकरात आणि आपल्या ड्रेसमध्ये मात्र मध्ये काहीच नाही. म्हणजे चूक आपल्या मांड्यांची नाहीच मुळी, मध्ये कापड नसण्याची आहे.

मग करायचं काय?

● आत शॉर्ट्स. सगळ्यात खात्रीचा उपाय, आपला मॉडर्न काष्टा! लांबी एवढी हवी, की मांड्या जिथे लागतात त्याच्या खाली चार बोटं यायला हवी. आखूड असली तर ती वर गुंडाळली जाते आणि त्या गुंडाळीचाच काच बसतो. जाड कॉटन घाम पिऊन ओलं राहतं. त्यापेक्षा पातळ, गुळगुळीत, चटकन वाळणारं कापड बरं. शिवण मांडीच्या आतल्या बाजूला टोचत नाही ना, ते बघा. आणि रोज धुतलेली घाला.

● पेट्रोलियम जेली. २००४ पासून मुंबईत मॅरेथॉन होतेय. आमच्या ऑफिसातला मॅरेथॉनवाला सहकारी पळायला जाण्याआधी मांड्यांना, काखेत जेली चोपडतो आणि कँटीनमध्ये मोठ्या आवाजात सांगतोही. लाजायचा मक्ता काय तो आपलाच! निघण्याआधी कोरड्या त्वचेवर पातळ थर द्या आणि छोटी डबी पर्समध्ये ठेवा, दुपारी पुन्हा लावायला लागते. खोबरेलही चालतं, पण ते लवकर उतरतं आणि कपड्यांना डाग पडतात. डाग नको असतील तर अँटी-चेफिंग स्टिक मिळते.

● रोल-ऑन. घाम कमी करणारा, म्हणजे अँटिपर्स्पिरंट. नुसता सुगंधी डिओ नव्हे. आदल्या रात्री कोरड्या त्वचेवर लावा. सोलवटलेल्या किंवा नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेवर अजिबात नको.

● पावडर. थोडा वेळ छान वाटतं, मग घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय. मी तरी जांघेत पावडर बंद केली.

सोलवटलंच तर?

कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. वर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा आणि दोन-तीन दिवस सैल पायजमा घाला. बरं होईपर्यंत वॅक्सिंग, शेव्हिंग, अत्तर सगळं बंद. गोल कडा उठली, लाल भागाभोवती बारीक पुटकुळ्या आल्या, वास किंवा पू आला किंवा आठवड्याभरात उतरलं नाही, तर सरळ डॉक्टर गाठा. डायबेटिस असेल तर तेवढंही थांबू नका. आणि केमिस्टकडे जायचंच झालं, तर खणखणीत आवाजात सांगा, ‘‘मांड्या घासल्यात. स्टिरॉइड नसलेलं द्या.’’

निळा ड्रेस मी टाकून दिला नाही. परवा तोच घालून ऑफिसला गेले होते, आत शॉर्ट्स होतीच. लिफ्टमधून नवीन जॉइन झालेली मुलगी बाहेर पडली, फ्लोरल फ्रॉक, चाल बदकाची.

‘‘काय गं, काय झालं?’’

‘‘काही नाही, सँडल चावतेय.’’

मी ड्रॉवरमधली डबी काढून तिच्या हातात दिली. ‘‘माझीही चावायची,’’ म्हटलं. ‘‘ही लाव. पायाला नको पण!’’

दोन सेकंद ती बघतच राहिली. मग दोघी इतक्या मोठ्याने हसलो, की मॅरेथॉनवाल्याने विचारलं काय झालं. या वेळी मी खरं सांगितलं.