अणुभट्टीचे पोलादी अस्तर आणि अल्ट्रासॉनिक तपासणी

अनेक अणुभट्ट्यांभोवतीच्या काँक्रीटच्या संरक्षक इमारतीला आतून पोलादी अस्तर असते. किरणोत्सर्गी वायू बाहेर झिरपू न देणे हे त्याचे काम. काँक्रीटकडच्या बाजूने लागलेला गंज आतून दिसत नाही, म्हणून अल्ट्रासॉनिक जाडीमापन करतात. प्रोबमधून निघालेली ध्वनिलहर पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जाते आणि मागच्या पृष्ठभागावर आदळून परतते. वेग आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे जाडी. ठरावीक काळाने त्याच जागी मोजमाप घेतले की झीज कळते. मात्र प्रोबखालची जागाच तपासली जात असल्याने लहान खड्डे निसटू शकतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील बीव्हर व्हॅली-१ या अणुभट्टीत २००९ साली रंगाच्या फुगवट्याखाली अस्तराला आरपार भोक आढळले. बांधकामावेळी काँक्रीटमध्ये राहिलेला लाकडाचा तुकडा पोलादाला टेकलेला होता आणि तिथेच गंज चढला होता.