तळातून चालवलेला बँड

जाझमध्ये बँडचं नेतृत्व बहुधा ट्रम्पेट, सॅक्सोफोन किंवा पियानो वाजवणाऱ्याकडे जातं. डबल बेसवाला मागे उभा असतो. पण अख्ख्या बँडची दिशा सर्वांत सहज बदलू शकतो तो हाच वादक. पियानोवर सा-ग-प हे तीन स्वर एकत्र वाजत असताना बेसने खाली मंद्र शुद्ध धैवत धरला, तर वरचा एकही स्वर न बदलता प्रसन्न संगतीवर उदास छटा चढते. इटलीतल्या लुक्का शहरात 1941 साली जन्मलेल्या जोव्हान्नी तोमाझो यांची कारकीर्द याच सामर्थ्यातून समजून घ्यायला हवी. त्यांचं मोठेपण सोलोंत शोधू नये, त्यांनी बांधलेल्या बँडमध्ये शोधावं.

1950च्या दशकाच्या अखेरीस पियानोवादक भाऊ व्हितो यांच्यासोबत ते ‘क्वार्तेतो दि लुक्का’ या बँडमध्ये वाजवू लागले. खरी कसोटी लागली ती 1970च्या दशकात, ‘पेरिजेओ’ हा स्वतःचा बँड उभा करताना. पियानोवर फ्रांको द’आंद्रेआ, सॅक्सोफोनवर क्लाउदियो फासोली, गिटारवर टोनी सिडनी, ड्रम्सवर ब्रुनो बिरियाको. रॉक ऐकणाऱ्या तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचलेला हा जाझ होता. 1972च्या ‘आझिमुत’पासून 1976पर्यंत त्यांचे पाच अल्बम निघाले.

पेरिजेओ म्हणजे अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि ‘वेदर रिपोर्ट’ हा बँड यांची इटालियन नक्कल, असा आक्षेप घेता येईल. प्रभाव होताच, विजेवर चालणारी वाद्यं आणि रॉकचा ठेका तिकडूनच आला. पण ‘वेदर रिपोर्ट’मध्ये त्याच पाच-सहा वर्षांत बेसवादक दोनदा बदलला, तर पेरिजेओच्या पाचही अल्बमांत मूळ पाच जण कायम राहिले. ‘अब्बियामो तुत्ती उन ब्लूज दा पियांजेरे’ हा 1973चा अल्बम ऐकताना या एकत्र राहण्याचा परिणाम जाणवतो. त्यातली गेयता उसनी वाटत नाही.

मग तोमाझो केवळ उत्तम संयोजक होते का? 1986च्या ‘व्हिया जी. टी.’ या अल्बमकडे पाहिलं की तसं म्हणवत नाही. पाओलो फ्रेझू, मास्सिमो उर्बानी, दानिलो रेआ, रोबेर्तो गात्तो हे चौघेही त्यांच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. एवढं अंतर असलेल्या वादकांना मोकळं सोडूनही रचना विस्कटू न देणं, हे काम निव्वळ व्यवस्थापनाने होत नाही. त्यासाठी प्रत्येक मात्रेला खालून निर्णय घ्यावा लागतो. पेरुजा इथल्या ‘उंब्रिया जाझ’ महोत्सवात अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या कार्यशाळांची धुरा त्यांनी वाहिली, तीही याच वृत्तीतून.

1973 आणि 1986चे हे दोन अल्बम लागोपाठ ऐका, आणि सॅक्सोफोन कितीही खुणावत असला तरी एकदा फक्त बेसच्या मागे जा.